दोन मिनिटांची वाळू

मित्रांनो, मी एक जुनं वाळूचं घड्याळ आहे. पण मला किती वाजले ते विचारू नका. ते मला कधीच कळलेलं नाही. सकाळ आहे की दुपार, बस यायची आहे की निघून गेली, यातलं काहीही मला सांगता येत नाही. मला एकच गोष्ट येते, ती म्हणजे दोन मिनिटं. मला उलटं ठेवा, दोन मिनिटं. पुन्हा उलटं ठेवा, पुन्हा दोन मिनिटं. एवढ्याशा कामावर माझं सारं आयुष्य निघालं, आणि तेवढं एकच काम असताना तेही मी वर्षभर चुकवलं. ते कसं, हेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे एक काचकाम करणारा दिवसभर गाल फुगवून काचेचे फुगे करायचा. तसे दोन फुगे घ्यायचे, मध्ये भोक असलेली एक लाकडी चकती बसवायची आणि वरून दोरा घट्ट गुंडाळायचा, की माझं अंग तयार. वाळू मात्र सहज मिळालेली नाही. तीनदा धुतलेली, भट्टीत भाजलेली, बारीक चाळणीतून गाळलेली ती वाळू एक म्हातारा कारागीर चमच्याने भरायचा. मग हातातल्या घड्याळाकडे बघत बसायचा. चार दाणे जास्त झाले तर काढायचा, कमी पडले तर घालायचा. घालताना त्याचा हात नेहमी आखडलेला असे. माणूस कंजूष होता असं तेव्हा मला वाटलं होतं. आता त्याची किंमत कळते.

पुढे मी एका शालेय वस्तूंच्या दुकानात कंपासपेट्या आणि पृथ्वीच्या गोलाच्या मधोमध उभा राहिलो. तिथे मी माणसांबद्दल पहिली गोष्ट शिकलो. मला उलटं केल्याशिवाय कुणी पुढे जात नाही, आणि वाळू संपेपर्यंत कुणी थांबतही नाही. दोन वर्षांत माझी वाळू पूर्ण पडेपर्यंत थांबलेली गिऱ्हाईकं मी मोजली. ती तीन होती. त्यातली दोघं पावती व्हायची वाट बघत होती. तिसऱ्या आमच्या बाई. त्या शेवटचा दाणा पडेपर्यंत उभ्या राहिल्या, आणि मला घरी घेऊन गेल्या.

घरी म्हणजे खरं तर शाळेत. बाई इंग्रजी शिकवायच्या, पण मुलांना नाही, मोठ्या माणसांना. कामगारांच्या एका संस्थेत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा वर्ग भरायचा. सकाळी पावणेसात ते आठ, म्हणजे ज्याला-त्याला पुढे आपापल्या कामावर पोचता यावं. खोलीत चोवीस खुर्च्या, प्रत्येकीला वही टेकवायला फळीचा एक हात. फळा मधोमध इतका पुसलेला की तिथे खडू उमटायचाच नाही. बाई कडेकडेने लिहायच्या. दाराबाहेर आगीसाठी ठेवलेली वाळूची लाल बादली होती. आग कधी लागली नाही, पण बादली रिकामीही राहिली नाही. जो-तो तिच्यात तिकिटं, काड्या आणि चघळलेलं च्युइंगम टाकायचा. ही बादली लक्षात ठेवा, मित्रांनो. तिचं आणि माझं पुढे नातं जडलं.

बाईंनी पहिल्या दिवशी मला टेबलावर ठेवलं आणि वर्गाला काहीच सांगितलं नाही. त्यांना आधी स्वतःला मोजायचं होतं. स्वतः बोलत असल्या की मला डाव्या बाजूला ठेवून उलटं करायच्या, वर्गातलं कुणी बोललं की उजव्या बाजूला. तास संपल्यावर त्यांनी वहीत आकडे लिहिले. सदतीस वेळा मी उलटा झालो होतो. त्यातल्या एकोणतीस वेळा बाई बोलत होत्या. उरलेल्या आठांत चोवीस माणसं. बाईंनी ते आकडे दोनदा तपासले, चष्मा काढला आणि वहीत एक ओळ लिहिली: ‘मी खूप शिकवते. मग ती शिकतात केव्हा?’

दुसऱ्या दिवसापासून नियम झाला. रोज सहा जणांनी पुढे यायचं, मला उलटं करायचं आणि वाळू संपेपर्यंत इंग्रजीत बोलायचं. विषय कुठलाही. मधे कुणी बोलायचं नाही, हसायचं नाही. मुख्य म्हणजे बाईंनी चूक सुधारायची नाही. हा शेवटचा नियम बाईंना सगळ्यात जड गेला. चूक ऐकली की त्यांचा हात आपोआप वर जायचा. मग त्या खडू मुठीत दाबून धरायच्या. तास संपेपर्यंत मुठीत खडूचं पीठ व्हायचं.

त्या दोन मिनिटांत मी माणसं वाचायला शिकलो. बहुतेक जण ‘माय नेम इज’पासून सुरुवात करायचे. वर्गात सहा महिने शेजारी बसणाऱ्यांना आपलं नाव पुन्हा सांगायचे, कारण त्यात चार सेकंद जातात. काही जण आधी ‘सॉरी’ म्हणून घ्यायचे. त्यांचा गुन्हा पुढच्या दोन मिनिटांत घडायचा असे. काही जण वर्गाकडे न बघता माझ्याकडेच बघायचे, जणू मी त्यांचं देणं लागतो. विम्याची कामं करणारा एक गृहस्थ होता, त्याला सगळे ‘गाडी’ म्हणायचे. तो एकदा सुटला की वाळू संपली तरी थांबायचा नाही. त्याचं अर्धं कुणाला कळायचं नाही आणि उरलेलं अर्धं त्यालाही कळत नसावं. पण चेहऱ्यावर भीती नावाला नव्हती. बाई म्हणायच्या, याची निम्मी बेफिकिरी बाकीच्यांत वाटता आली असती तर मला शिकवायला काही उरलंच नसतं.

वाळू संपण्याआधी बोलणारा गप्प झाला, तर बाई मला आडवं करायच्या आणि वरच्या फुग्यात किती वाळू उरली ते बोटाने मोजायच्या. तीन बोटं, दोन बोटं, एक बोट. वहीत नावापुढे तो आकडा लिहायचा. पुढच्या खेपेला आकडा उतरला की बोलणाऱ्याला वही दाखवायच्या. मित्रांनो, अहो, मोठी माणसं! कुणी बस चालवायचा, कुणाच्या हाताखाली दहा माणसं होती. पण तीनाचं दोन झालं की चेहरे बघण्यासारखे व्हायचे. ती वर्षं माझ्या कौतुकाची होती. संस्थेत कुणी पाहुणा आला की त्याला आधी मला दाखवायचे, मग बाईंना.

असं सात वर्षं चाललं. बाई मात्र हळूहळू थकत गेल्या. शिकवून नव्हे. शिकवण्याभोवतीचं जे असतं, त्याने. वीस जणांनी गृहपाठ केलेला नसताना ‘कुणी कुणी केलाय?’ असं रोज विचारणं. तीच चूक, तोच काळ, तोच प्रत्यय, दर वर्षी नव्या तोंडून. बाई एकदा फळा पुसताना स्वतःशीच म्हणाल्या, की मी सात वर्षं शिकवते आहे की एकच वर्ष सातदा, तेच कळत नाही. त्यांच्या धाकट्या बहिणीने त्यांच्यासाठी एक बैठं काम बघून ठेवलं होतं. औषधाच्या बाटल्यांसोबत जे कागद येतात, त्यांतलं इंग्रजी तपासायचं. बहीण फोनवर म्हणायची, की ताई, कागद निदान ‘समजलं नाही’ असं तरी म्हणत नाहीत. बाई हसायच्या, पण हल्ली हसून झाल्यावर नाही म्हणायच्या नाहीत.

आणि मग मी पडलो.

सुट्टीनंतरचा पहिला आठवडा होता. संस्थेत एक शिपाई होते, सगळे त्यांना मामा म्हणत. झाडणं, कुलपं, चहा, घंटा, सगळं मामांकडे. ते टेबल पुसत होते आणि त्यांच्या फडक्याचं टोक माझ्यात अडकलं. मी पायपुसण्यावर पडलो म्हणून काच वाचली, पण मधला दोरा सैल झाला आणि फुगे वेगळे झाले. माझी धुतलेली, भाजलेली, गाळलेली वाळू जमिनीवर पसरली.

मामांची सेवा संपायला दीड वर्ष उरलं होतं. शेवटच्या दीड वर्षात आपल्या नावावर कुठली तक्रार नको, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी दार लोटलं, कागदाच्या तुकड्याने वाळू गोळा केली. फरशीच्या फटींत गेली ती गेलीच. मग ते बाहेर गेले, लाल बादलीतली दोन मुठी वाळू आणली, चहाच्या गाळणीतून चाळली आणि माझ्यात भरली. मोजायचं त्यांना माहीत नव्हतं. कमी पडायला नको, म्हणून त्यांनी सढळ हाताने घातली. चहात साखर घालायचीही त्यांची हीच पद्धत. चकती बसवली, दोरा गुंडाळला, फडक्याने मला पुसलं आणि जागेवर ठेवलं. काम इतकं नीट झालं होतं, की ओशाळून कबुली देण्यासारखं काही दिसेनाच.

मला मात्र लगेच कळलं. बादलीतले दाणे भरड होते. ते भोकाशी गर्दी करायचे, एकमेकांना अडवायचे. आणि वाळू जास्तही झाली होती. दोन मिनिटांच्या जागी मला आता दोन मिनिटं पन्नास सेकंद लागू लागली. मी ओरडून सांगितलं असतं, पण माझी बोली वाळूची. आणि ती चुकीचीच बोलत होती.

बाईंनी एकदा मला उचलून बघितलं. म्हणाल्या, हे जरा भरल्यासारखं दिसतंय. मग स्वतःच म्हणाल्या, माझ्या चष्म्याचा नंबर वाढला असेल. थकलेल्या माणसाची हीच अडचण असते, मित्रांनो. काहीही बिघडलं की तो आधी स्वतःकडे बोट करतो आणि तपास तिथेच थांबवतो.

त्याच वर्षी वर्गात एक मावशी आली. मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात ती अठरा वर्षं चादरी धुवत होती. दवाखान्यातल्या अशा सगळ्याच बायकांना लोक मावशी म्हणतात. वर्गानेही तेच नाव चालू ठेवलं. तिचे हात सोड्याच्या पाण्याने फाटले होते. बोटांच्या पेरांवर चिरा होत्या, आणि पेन धरलं की ती ओठ दाबायची. तिथल्याच डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, की आता हे काम सोड, नाहीतर हात कामातून जातील. सोडून जायला एकच जागा होती. दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीत एक बाई निवृत्त होणार होती. तिथे कोरडं काम होतं, खुर्ची होती, आणि बाहेरून येणाऱ्यांशी इंग्रजीत बोलता यायला हवं होतं. त्यासाठी तोंडी परीक्षा. परीक्षक विषय देणार आणि त्यावर सलग दोन मिनिटं बोलायचं. थांबलात की गेलात. परीक्षेला दोनदाच बसता येत असे. मावशी मागच्या वर्षी एकदा बसून पन्नास सेकंदांत गप्प झाली होती. आता एकच खेप उरली होती.

पहिल्या दिवशी तिने मला उलटं केलं, आपलं नाव सांगितलं, आणि मग माझी वाळू पडताना बघत उभी राहिली. बाईंनी वहीत लिहिलं, पावणेचार बोटं. माझ्यात एकंदर चारच बोटं वाळू मावते. पण बाई चिवट, आणि मावशी त्यांच्यापेक्षा चिवट. ती चादरींच्या घड्या घालताना तोंडाने इंग्रजी म्हणायची, म्हणून धुलाईघरात तिला चिडवायचे, की अगं, चादर काय उत्तर देणार आहे का? तिने बाईंना हे सांगितलं, तेव्हा बाई म्हणाल्या, की चादर चुका तरी काढत नाही, बोलत राहा.

पावणेचाराची तीन झाली, तीनाची दोन झाली, दोनाचं एक झालं. आणि तिथेच सगळं अडलं. एक बोट. पुढच्या आठवड्यात एक बोट. त्याच्या पुढच्यातही एक बोट. नुसती मावशीच नव्हे. वहीचं ते वर्ष उघडलंत तर खालपासून वरपर्यंत बहुतेकांच्या नावापुढे एक बोट, एक बोट, एक बोट. बाईंना वाटलं, आपण आता लोकांना दारापर्यंत आणतो, आत नेता येत नाही. वाळू संपवणारा एकटा ‘गाडी’, आणि तो माझ्यावर संशय येऊ देण्यासारखा माणूस नव्हता.

वर्गातून माणसं गळायला लागली. आधी एक रखवालदार गेला. तो उभा राहिला की खांबासारखा दिसायचा, आवाज मात्र पाखराचा. तो सलग पाच आठवडे एका बोटावर राहिला. सहाव्या आठवड्यात त्याने बाईंना नमस्कार केला आणि सांगितलं, की माझी मजल एवढीच दिसते. बाईंनी त्याला थांबवलं नाही. थांबवायला लागणारं बळ त्या दिवशी त्यांच्याकडे नव्हतं. वहीत त्याच्या नावावर त्यांनी आडवी रेघ मारली. वर्षभरात अशा अकरा रेघा झाल्या.

मावशीने एकदा एक गोष्ट सांगितली होती. घरी भिंतीवरच्या घड्याळासमोर उभी राहून बोलते तेव्हा माझं बोलणं दोन मिनिटं पुरतं, बाई. इथे आलं की कमी पडतं. बाई थोडा विचार करून म्हणाल्या, की लोकांसमोर आपण घाबरून भराभर बोलतो, म्हणून तसं होत असेल. किती शहाणं उत्तर होतं बघा. मावशीला पटलं, वर्गाला पटलं, टेबलावर उभ्या असलेल्या मलाही क्षणभर पटलं. खरं उत्तर तेव्हा खोलीतच होतं. पण ते माहीत असलेल्या दोघांपैकी एक दोऱ्याने बांधलेला होता आणि दुसरा चहाचे कप विसळत होता.

परीक्षा आठ दिवसांवर आली. त्या वर्षी बाईंच्या संस्थेबरोबरच्या नव्या करारावरही सही व्हायची होती. तो कागद त्यांनी तीन आठवडे माझ्या खाली दाबून ठेवला होता. रोज मला उचलायच्या, कागदाकडे बघायच्या, पुन्हा मला ठेवायच्या. बहिणीला त्यांनी सांगून टाकलं होतं, की या महिन्यानंतर कळवते.

त्या शुक्रवारी वर्ग सुटल्यावर मावशी मागे थांबली. तिने पदराखालून एक कागद काढला. परीक्षेतून नाव मागे घेण्याचा अर्ज होता. परीक्षेचा मूळ अर्ज संस्थेतून गेला होता म्हणून यावरही बाईंची सही लागत होती. दुपारच्या आत तो दिला तर तिची दुसरी खेप वाचणार होती, पुढच्या वर्षासाठी. खिडकीतली जागा मात्र या वर्षीच भरली जाणार होती. ती पुन्हा कधी रिकामी होईल, ते कुणालाच माहीत नव्हतं. तोवर सोडा होताच.

“मी खूप विचार केला, बाई,” मावशी म्हणाली. “नापास होऊन दार कायमचं बंद करून घेण्यापेक्षा उघडं ठेवून थांबते. हात काय, सवयीचे झालेत.”

बाईंनी वही उघडली. त्यांना तिला म्हणायचं होतं की बस परीक्षेला. त्यांनी पानं उलटली, एखादा आकडा तरी बाजूने बोलेल म्हणून. सात आठवड्यांत सात वेळा एक बोट. बाईंची माया अशा वेळी आकड्यांपुढे मान खाली घालते, हे मी पुष्कळदा बघितलं होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

“तुम्ही तुमच्याकडून काही कमी केलं नाहीत,” त्या म्हणाल्या. “मीच तुम्हाला पुरी पडले नाही. एक बोट वाळू, मावशी. तेवढी मला घालवता आली नाही.”

मामा तेव्हा चहा घेऊन आले होते. ते ट्रे हातात धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी ट्रे खुर्चीच्या फळीवर ठेवला.

“बाई, सही करू नका,” मामा म्हणाले. “त्यात वाळू जास्त आहे. मीच घातलीय. बादलीतली.”

मग मामांनी सगळं सांगितलं. फडकं, पायपुसणं, गाळणी. मला वाटलं वाळूच ती, म्हणाले. जरा जास्त पडली तर कुणाचं काय जाणार आहे? सांगताना ते बाईंकडे बघत नव्हते, मावशीच्या हातांकडे बघत होते.

बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या शेजारी ठेवलं आणि मला उलटं केलं. तिघं जण वाकून बघत होते. चहावर साय धरली. दोन मिनिटं झाली तेव्हा बाईंनी बोट वर केलं आणि मला आडवं केलं. वरच्या फुग्यात वाळू उरली होती. बाईंनी मोजली. एक बोट, आणि वर थोडी.

मी त्या दिवसाची किती वाट बघितली होती. आणि तो आला तेव्हा मला आनंद होईना. बाईंचा चेहरा तसा होता.

मामा म्हणाले, तुम्ही वर कळवा, मी कबूल करतो. बाईंनी मान हलवली. “तुम्ही वाळू घातलीत, मामा,” त्या म्हणाल्या. “पण वर्षभर मोजत मी होते.”

मग त्यांनी मावशीचा अर्ज घडी करून तिच्या हातात दिला आणि सांगितलं, की तुम्ही सात आठवडे परीक्षेत पास होताय. मावशी ते मनातल्या मनात पुन्हा मोजत असावी. मग तिने सावकाश तो कागद फाडला. चिरा पडलेल्या बोटांना कागदसुद्धा लागतो, म्हणून तिला वेळ लागला.

परीक्षेला मी नव्हतो, पण दुसऱ्या दिवशी मावशीने सगळ्या वर्गाला सांगितलं ते ऐकलं. विषय आला होता, तुमचं रोजचं काम. ती चादरींवर बोलली. रोज किती येतात, रक्ताचा डाग गरम पाण्याने का पक्का होतो, मोठी चादर घडी करायला दोन माणसं का लागतात आणि त्या दोघींचं भांडण असेल तर घडी वाकडी कशी येते. परीक्षकांनी दोन मिनिटांवर घंटी वाजवली. मावशीची सवय दोन मिनिटं पन्नासची. ती थांबेना. त्यांनी हात वर केला, तेव्हा ती म्हणाली, “टू सेंटेन्स मोअर, सर.” वर्गात सगळे हसले. बाईंचा हात चूक सुधारायला वर आला होता. त्यांनी तो तसाच खाली घेतला.

मावशी आता खिडकीत बसते. तिथे लोकांची तक्रार एकच, की या बाईंना एक प्रश्न विचारला तर चार उत्तरं देतात. हातांच्या चिरा भरत आल्या आहेत असं म्हणतात. पूर्ण नाही.

गोष्ट इथे संपवली असती तर गोड झाली असती, मित्रांनो. पण वहीत अकरा रेघा होत्या. त्या शुक्रवारी सगळे गेल्यावर बाईंनी एकेक रेघ बघितली आणि त्या माणसाचे आकडे नव्याने मांडले. अकरांपैकी आठ जण, त्यांनी वर्ग सोडला त्या दिवशी, पुरी दोन मिनिटं बोलत होते. बाईंनी आठही जणांना फोन लावले. तिघांचे नंबर बदललेले होते. दोघं म्हणाले बघू, आणि ते बघू कुठलं ते बाईंना आवाजावरून कळलं. एकाला आता इंग्रजीची गरज नव्हती. एक जण परत आला. आठवा होता रखवालदार.

तो एका सोमवारी दारात येऊन उभा राहिला, आत येईना. त्याने हळू आवाजात विचारलं, “म्हणजे मी तेव्हा कमी पडलो नव्हतो?”

“नव्हता,” बाई म्हणाल्या. “माझं माप चुकलं होतं.”

त्याची आता सकाळची पाळी होती, वर्गाला येणं जमणार नव्हतं. तेवढंच विचारायला तो दोन बस बदलून आला होता. जाताना तो टेबलापाशी आला, मला उलटं केलं, आणि त्या पाखराच्या आवाजात इंग्रजी बोलला. आपल्या फाटकाबद्दल. कोण गाडीतून उतरून विचारतो, कोण काच न उघडता बोट दाखवतो. दोन मिनिटं झाली तरी त्याचं बोलणं चालू होतं. बाईंनी मुठीतला खडू घट्ट धरला होता. शेवटचा दाणा पडला तेव्हा तो थांबला, मान झुकवली आणि जिना उतरून गेला.

त्या दिवशी बाईंनी माझ्या खालचा कागद काढून त्यावर सही केली. आनंदाने नाही. हिशेब पुरा करायचा राहिला होता म्हणून. बहीण फोनवर म्हणाली, ताई, तुझं काही खरं नाही. बाई म्हणाल्या, हो, ते माझ्याही लक्षात आलंय.

मामांनी माझ्यातली जादा वाळू काढायची परवानगी मागितली, पण बाईंनी काढू दिली नाही. त्यांनी घड्याळ लावून नीट मोजलं आणि दोन मिनिटं जिथे भरतात तिथे माझ्या दोन्ही फुग्यांवर लाल दोरा बांधला. दोऱ्यापर्यंत पोचलं की झालं. त्याखालची वाळू मामांची. ज्याला आणखी काही सांगायचं असेल त्याच्यासाठी.

मामा निवृत्त झाले. आता वर्गात सगळ्यांकडे फोन आहेत आणि फोनला सेकंदही कळतात. त्यामुळे मी खिडकीच्या कट्ट्यावर असतो, खडूच्या डब्याशेजारी. महिनोन्महिने मला कुणी उलटं करत नाही. वाळू एकाच जागी पडून राहिली की दाणे एकमेकांना धरून बसतात, मग सुटता सुटत नाहीत. माणसांचंही तसंच होतं असं बाई म्हणतात, पण दमलेल्या असल्या की त्या असं पुष्कळ काही म्हणतात.

म्हणून तुमच्याकडे माझं मागणं आहे. माझ्यासारखं एखादं जुनं माप तुमच्या हाती आलं, तर ते धूळ झटकून जागेवर ठेवा, अधूनमधून हलवा. पण त्याच्यावर भरवसा ठेवून कुणाला ‘तू कमी पडलास’ म्हणायची वेळ आली, तर तोंड उघडण्याआधी एक करा. खऱ्या घड्याळाशेजारी त्याला एकदा उलटं ठेवा आणि शेवटचा दाणा पडेपर्यंत गप्प उभे राहा. फार वेळ लागत नाही. दोन मिनिटं. फार तर दोन मिनिटं पन्नास सेकंद.